आपांची नोंद आणि बदललेलं पुस्तक

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाकडे दोन पुस्तकं असतात. एक बालभारतीने छापलेलं 'सुलभभारती'. दुसरं त्याने स्वतःच्या हाताने त्याच पुस्तकाच्या समासात लिहिलेलं. कुठल्या शब्दाला मुलं अडतात, कुठल्या ओळीला हसतात, कुठे चुकीचा अर्थ लावतात, हे सगळं त्या समासात असतं. छापलेलं पुस्तक बदललं की पहिलं रद्दीत जातं आणि त्याच्याबरोबर दुसरंही जातं. दहा वर्षांची समासातली मेहनत किलोच्या भावाने जाते आणि जूनमध्ये शिक्षक पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला बसतो.

हे दुसरं पुस्तक कसं वाचवायचं, याबद्दल आज लिहितो आहे. उपाय संगणकवाल्यांच्या जगातून आला. पण त्यातली अक्कल आपल्या तलाठ्याच्या दप्तरात आणि आपल्या उलमांच्या इल्मातही फार आधीपासून आहे, हे हळूहळू लक्षात आलं.

आधी अडचण नीट सांगतो. उर्दू बोलणाऱ्या मुलाला मराठीतले अनोळखी शब्द फारसे फसवत नाहीत. अनोळखी शब्द आला की ते हात वर करतं. फसवतात ते ओळखीचे शब्द. 'तालीम' घ्या. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा, नाहीतर नाटकाचा सराव. 'राजीनामा' उर्दूत दोन पक्षांमधल्या तडजोडीचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. 'खुलासा' उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'शिकस्त' उर्दूत पराभव, आणि मराठीत माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो! शब्द फारसी-अरबीतून दोन्ही घरांत आले, पण दोन घरांत वेगवेगळ्या वळणाने वाढले. 'तो रोज तालमीला जातो' हे वाक्य वाचून आमची मुलं हुशार विद्यार्थी डोळ्यांसमोर आणतात. त्यांना शंकाच येत नाही, त्यामुळे ती विचारतही नाहीत. अशा शब्दांची यादी शिक्षकालाच करावी लागते.

तलासरीत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मित्राची अडचण निराळी, पण जात तीच. त्याच्या वर्गातली मुलं घरी वारली बोलतात. कागदोपत्री त्यांचं माध्यम मातृभाषा आहे, प्रत्यक्षात ती शाळेत येऊन दुसरी भाषा शिकतात. म्हणून 2021 साली आम्ही पाच जणांनी एकत्र यादी करायची ठरवली. मराठी शब्द, त्याचा उर्दू अर्थ, त्याचा वारली पर्याय, शब्द कुठल्या पाठात आला तो पाठ आणि पान. शब्द झाले सुमारे 1,200.

पाचांपैकी सर्वांत ज्येष्ठ आमच्या आपा. डहाणूत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या. संगणकाला त्या हात लावत नसत. पण त्यांच्या समासांत जितकं होतं तितकं आमच्या चौघांच्या मिळून नव्हतं. त्या वहीवर लिहून द्यायच्या, मी टाइप करायचो. शब्दांचे उच्चारही त्यांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दिले. स्वच्छ मराठी, पण बोलणारी बाई आपल्या घरातली आहे हे मुलांना लगेच कळावं अशी.

शिक्षक एकत्र येऊन यादी करू लागले की काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. 'यादी-फायनल', 'यादी-फायनल-नवी', 'यादी-फायनल-सरांची'. व्हॉट्सॲपवर फाइल येते, कुणी त्यात दहा शब्द सुधारतो, त्याच वेळी दुसरा जुन्या फाइलमध्ये वीस सुधारतो. दोघांचं काम एका फाइलमध्ये आणायचं तर तिसऱ्याने रात्र घालवायची. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेला माझा भाचा ईदला आला होता. हे बघून म्हणाला, "मामू, हा प्रश्न आमच्याकडे सुटून जमाना झाला."

तो 'व्हर्जन कंट्रोल'बद्दल बोलत होता. म्हणजे एखाद्या कामात कोणी, केव्हा, कुठला बदल केला आणि का केला, याची शिस्तीत ठेवलेली नोंद. त्यातलं आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं साधन गिट. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ते एप्रिल 2005 मध्ये लिहिलं, आणि त्याच वर्षीपासून जुनिओ हमानो नावाचा गृहस्थ ते सांभाळतो आहे. जगभरातले हजारो लोक एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी बदल करतात आणि कुणाचं काम कुणाच्या खाली दबत नाही, यासाठी ते बनलं. हजारांना पुरतं ते पाच मास्तरांना पुरणारच.

पण भाच्याने आधी एक अट घातली. फाइल साध्या युनिकोड मजकुराची हवी. जुन्या इनपेजमध्ये केलेला उर्दू मजकूर आणि श्रीलिपीतला मराठी मजकूर कागदावर सुंदर छापून येतो, पण त्यात कुठला शब्द बदलला हे गिटला ओळीओळीने दाखवता येत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे बदल अक्षरापर्यंत पकडता येतो. कधीकधी तो फारच चोख पकडला जातो. उर्दूची छोटी 'ये' आणि अरबीची 'ये' शब्दाच्या मध्ये आली तर दिसायला सारखीच, पण क्रमांक वेगळे. मराठीत 'कोऱ्या'मधला ऱ्या दोन पद्धतींनी टाइप होतो, डोळ्याला फरक दिसत नाही, गिटला दिसतो. म्हणून पाचही जणांनी एकच कीबोर्ड वापरायचा, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम, प्रत्येक भाषेची वेगळी फाइल. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही एका ओळीत आल्या की पडद्यावर स्वल्पविराम आणि कंस कुठेही उडी मारतात. शिवाय तलासरीत कुणी वारली पर्याय सुधारत असताना डहाणूत त्याच ओळीतला उर्दू अर्थ बदलला जाऊ नये. प्रत्येक शब्दाला एक क्रमांक दिला आणि तो सगळ्या फाइलींत एकच ठेवला. पान क्रमांक मात्र सगळ्यांपासून वेगळा, स्वतंत्र फाइलमध्ये. याचा उपयोग पुढे कळेल.

आता जड फाइलींचं. आपांचे उच्चार उत्तम दर्जाचे हवेत म्हणून वेव्ह प्रकारात रेकॉर्ड केले होते. एका सेकंदात 44,100 नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटचा. म्हणजे सेकंदाला 88,200 बाइट, मिनिटाला पाच एमबीहून जास्त. एका शब्दाला पाच सेकंद धरले तर 1,200 शब्दांचे 500 एमबीच्या वर जातात. उलट लिहिलेली यादी बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट घेतं, उर्दूचं दोन, इंग्रजीचं एक. मराठी तिप्पट जागा खाते तरी 1,200 शब्दांची आख्खी यादी एका बऱ्या फोटोपेक्षा लहान.

गिटचा स्वभाव असा की प्रत्येकाच्या संगणकावर आजची प्रतच नाही, तर सुरुवातीपासूनचा सगळा इतिहास उतरतो. मजकुरासाठी हा गुण आहे. मजकुरातला बदल लहान असतो आणि गिट तो दाबून ठेवतं. आवाजाच्या फाइलीचं तसं नाही. रेकॉर्डिंगमधली खरखर काढून फाइल पुन्हा ठेवली की जुनी जवळजवळ अख्खी राहते आणि नवीही अख्खी बसते. तीनदा सुधारली तर तीन प्रती. आणि फाइल पुसून टाकली तरी वजन कमी होत नाही. पुसल्याची फक्त नोंद होते, इतिहासात ती फाइल तशीच असते.

हे सगळं पुण्यात बसून सोपं वाटतं. तलासरीच्या डोंगरकडेच्या पाड्यांवर मोबाइलची रेंज झाडावर चढलेल्या माकडासारखी असते, दिसते पण हाताला लागत नाही. त्यात गिटची पहिली प्रत उतरवताना लाइन तुटली तर ती मधून पुढे चालू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. आवाजासकटची प्रत उतरवायचा प्रयत्न तलासरीच्या सरांनी एका रात्री तीनदा केला. तिसऱ्यांदा तुटल्यावर त्यांचा फोन आला, "सर, मला आवाज नकोत, मला फक्त माझी वारलीची फाइल द्या." त्यांचं म्हणणं अगदी वाजवी होतं. लिहिणाऱ्या माणसाला लिहिण्यापुरतं मिळालं पाहिजे.

या अडचणीला आम्हीच पहिले सामोरे गेलो असं नाही. गिटचा समवयस्क असलेल्या मर्क्युरियलने 2011 मध्ये आपल्या 2.0 आवृत्तीबरोबर 'लार्जफाइल्स' नावाची सोय दिली. गिटसाठी 2015 मध्ये 'एलएफएस' आलं. लार्ज फाइल स्टोरेज. गिटहबवर तर 50 एमबीच्या वरची फाइल ठेवताना इशारा मिळतो आणि 100 एमबीच्या वरची घेतलीच जात नाही, एलएफएसमधून पाठवावी लागते.

एलएफएसचं काम रेल्वेच्या पार्सल ऑफिससारखं चालतं. पार्सल गोदामात राहतं, तुमच्या खिशात पावती. गिटच्या इतिहासात आवाजाच्या जागी तीन ओळींची चिठ्ठी बसते. पहिली ओळ चिठ्ठीचा नमुना कुठला ते सांगते, दुसरीत त्या फाइलचा 64 आकडे-अक्षरांचा ठसा, तिसरीत तिचा आकार. सगळी मिळून जेमतेम सव्वाशे-दीडशे बाइट. ठसा असा की फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी तो जुळत नाही. त्यामुळे पावती दाखवून भलतंच पार्सल कुणी आणू शकत नाही. तलासरीचे सर आता पावत्या घेतात, पार्सल नाही. त्यांच्या संगणकावर सगळं मिळून दोन-तीन एमबी. ज्या पाठाचा आवाज वर्गात हवा तेवढाच मागवतात.

यात धोकाही आहे, तोही सांगायला हवा. पावत्या शंभर ठिकाणी असल्या तरी गोदाम एकच असतं. ते गेलं तर हातात नुसत्या पावत्या उरतात. म्हणून आपांच्या मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक डहाणूत, एक तलासरीत. मुलांसाठी एमपी3 केलेल्या लहान प्रती निराळ्या, त्या फोनवर सहज जातात. आणि नेट अगदीच रुसलं तर गिटची 'बंडल' नावाची सोय आहे. सगळा इतिहास एका फाइलमध्ये बांधायचा, पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि डहाणू-तलासरी एसटीने जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचा. त्या पेनड्राइव्हवरून पलीकडे तो पूर्ण उघडतो, कोणी काय बदललं यासकट.

आता मूळ प्रश्न, पुस्तक बदललं की काय?

गिटमधल्या एका बदलाला, तो वेगळा काढून दाखवता येतो तेव्हा, पॅच म्हणतात. पॅचमध्ये काय असतं? कोणी केला, कधी केला, का केला, कुठली ओळ गेली, कुठली आली. आणि बदललेल्या जागेच्या वरच्या तीन, खालच्या तीन न बदललेल्या ओळी. या शेजारच्या ओळी कशाला, तर जागा सापडावी म्हणून. आपल्याकडे पत्ता सांगताना घर क्रमांक कोण सांगतं? 'मशिदीच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून' असं सांगतात. मोहल्ल्यात वर दहा घरं नवी झाली तरी तो पत्ता चुकत नाही. पॅचही तसाच ओळ क्रमांकापेक्षा शेजाऱ्यांवर जास्त भरवसा ठेवतो.

ज्यांच्या घरात जमिनीचा तुकडा आहे त्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. सातबारा आज जमीन कोणाची ते सांगतो. पण तो तिथपर्यंत कसा आला, हे गाव नमुना सहामध्ये असतं, फेरफार नोंदवहीत. प्रत्येक फेरफाराला क्रमांक, तारीख आणि कारण: वारस, खरेदी, वाटप. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो, नाव खोडून नाहीसं होत नाही, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. तलासरीत हे मुलालाही समजावून सांगावं लागत नाही. याच तालुक्यातल्या झरी गावातून 1945 साली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. कागदावर कोणाचं नाव आहे आणि कोणाचं नाही, याने माणसाचं आयुष्य कसं ठरतं, ते या गावांनी पाहिलं आहे.

2023-24 मध्ये आमचा सातबाराच हलला. दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तकं चार-चार भागांत आली आणि त्यांत मुलांनी नोंदी कराव्यात म्हणून कोरी पानं जोडली गेली. पानांचे क्रमांक बदलले. आमच्या यादीतल्या प्रत्येक शब्दाचं पान चुकलं. नवी मूळ यादी तयार करायलाच हवी होती. पण जुन्या यादीवर गेल्या दोन वर्षांत झालेल्या शेकडो सुधारणांचं काय?

याचं उत्तर म्हणजे रिबेस. शब्द इंग्रजी आहे, अर्थ साधा. तुमचे बदल जुन्या पायावरून एकेक करून उचलायचे आणि त्याच क्रमाने नव्या पायावर बसवायचे. जणू तुम्ही सुरुवातच नव्या पुस्तकावर केली होती. पानांची फाइल वेगळी ठेवल्याचा फायदा इथे झाला. पानं बदलली ती फक्त त्या एका फाइलमध्ये. उर्दू आणि वारलीच्या फाइलींवरचे बहुतेक सगळे बदल आपोआप नव्या यादीवर जाऊन बसले. बारा-तेरा ठिकाणी गिट थांबलं.

थांबतं ते अशा वेळी, जेव्हा नव्या पायानेही तीच ओळ बदललेली असते. मग गिट स्वतः निवाडा करत नाही. दोन्ही मजकूर समोर ठेवतं, वर-खाली खुणा करतं आणि तुमची वाट बघतं. तुम्ही मजकूर ठरवायचा, खुणा काढायच्या आणि 'कंटिन्यू' म्हणायचं. सगळंच बिनसलं असं वाटलं तर 'अबॉर्ट' म्हणायचं, जिथून निघालो तिथे सुखरूप परत. भांडण दाबून पुढे जात नाही, ही त्याची मला आवडलेली गोष्ट.

थांबलेल्या ठिकाणांपैकी एक 'तालीम' होता. नव्या यादीत आमच्या एका तरुण सहकाऱ्याने त्याचा उर्दू अर्थ 'रिहर्सल' केला होता. आपांच्या पॅचमध्ये होतं 'अखाडा, कुश्ती की मश्क'. दोघांचं बरोबर. निवाडा कोणी करायचा? आपांना विचारता येणार नव्हतं. त्या हिवाळ्यात त्यांचा इंतेकाल झाला होता.

पण त्यांनी कारण लिहून ठेवलं होतं. प्रत्येक बदलाखाली का केला ते लिहायची गिटमध्ये सोय असते. बहुतेक लोक तिथे 'सुधारणा' एवढंच लिहितात. आपांच्या वहीत प्रत्येक सुधारणेपुढे कारण असायचं आणि ते मी जसंच्या तसं टाकत आलो होतो. 'तालीम'खाली होतं: मुलं 'तालमीला गेला' म्हणजे 'शिकायला गेला' समजतात, आधी आखाडा दाखवावा, मग बाकीचं. म्हणजे त्यांचा आग्रह अर्थासाठी कमी आणि क्रमासाठी जास्त होता. मूल कुठे घसरतं ते त्यांना ठाऊक होतं. आम्ही दोन्ही अर्थ ठेवले, आखाडा पहिला, रिहर्सल दुसरा. तरुण सहकाऱ्यालाही ते पटलं, कारण त्याच्यासमोर आपांचा अधिकार ठेवलेला नव्हता, आपांचं कारण ठेवलेलं होतं.

इथे आणखी एक बारीक गोष्ट आहे. गिट प्रत्येक बदलावर दोन नावं ठेवतं. एक ज्याने तो बदल मुळात केला त्याचं, दुसरं ज्याने तो आजच्या जागी बसवला त्याचं. आपा लिहायच्या आणि मी टाइप करायचो, तेव्हा पहिल्या जागी त्यांचं नाव जायचं, दुसऱ्या जागी माझं. रिबेस केल्यावर दुसरं नाव आणि त्याची तारीख नवी होते. पहिलं नाव आणि पहिली तारीख तशीच राहते. पुस्तक 2023 चं, पण त्यावरच्या ओळीपुढे आजही आपांचं नाव आणि 2022 ची तारीख.

हे पाहिलं तेव्हा मला हदीसच्या किताबांची आठवण झाली. इमाम बुखारींसारख्या मुहद्दिसांनी नुसतं मतन, म्हणजे मजकूर, जमवलं नाही. त्याच्याआधी इस्नाद दिली: मी अमुककडून ऐकलं, त्याने तमुककडून. सांगणारा एक आणि पोहोचवणारा दुसरा, हा भेद त्यांनी कधी पुसला नाही. साखळीतला कोण कसा माणूस होता, हे तपासण्याचं एक आख्खं शास्त्र उभं राहिलं. एका शब्दयादीची तुलना त्या इल्मशी करायची नाही, तेवढा अदब आहे. पण मजकूर आणि तो कुठून आला याचा माग, दोन्ही एकत्र ठेवायचे, ही सवय आपल्याला परकी नाही. मराठीतली 'सनद'ही त्याच मुळाची.

म्हणूनच भाच्याची एक सूचना आम्ही मान्य केली नाही. त्याचं म्हणणं, पाच जणांचे शेकडो बारके बदल कशाला मिरवता, सगळे एकत्र दाबून एकच स्वच्छ बदल करा. तशी सोय आहे, 'स्क्वॉश' म्हणतात, आणि कंपन्यांत ती सर्रास वापरतात. एकाच माणसाचे चार अर्धवट प्रयत्न असतील तर तसं करणं योग्यही. पण निरनिराळ्या माणसांचं काम असं दाबलं की एकाचं नाव वर राहतं आणि बाकीची, मुद्दाम खाली लिहिली नाहीत तर, जातात. आपांचं नाव त्या यादीत त्यांच्या हाताच्या प्रत्येक ओळीवर आहे. त्यांच्या नावाचा दुसरा कुठलाही फलक नाही. भाचा थोडा गप्प राहिला, मग म्हणाला, "ठीक आहे मामू, इतिहास लांब राहू दे."

रिबेसला मात्र एक मर्यादा आहे आणि ती तलाठ्याच्या वहीशी ताडून बघितली की चटकन कळते. मंजूर झालेल्या फेरफाराचे क्रमांक नंतर कोणी बदलत नाही. रिबेसमध्ये बदल नव्या पायावर बसतो तेव्हा त्याची ओळख, म्हणजे त्याचा ठसा, बदलतो. मजकूर तोच, नाव तेच, क्रमांक नवा. जोवर काम आपल्याच टेबलावर आहे तोवर यात काही बिघडत नाही. पण जे दुसऱ्यांनी उतरवून घेतलं आणि त्यावर पुढचं काम सुरू केलं, ते त्यांच्या पायाखालून असं ओढून काढायचं नाही. 2023 च्या सुट्टीत आम्ही हे पाचही जणांना सांगून, सगळ्यांचं काम आधी जमा करून, एकाच दिवशी केलं. इतिहासात शिरलेले जड आवाज काढून त्यांच्या जागी पावत्या बसवल्या तेही त्याच दिवशी, कारण तिथेही सगळे ठसे बदलतात. संध्याकाळी प्रत्येकाने जुनी प्रत बाजूला ठेवली आणि नवी उतरवली. मशवरा न करता इतिहास बदलणं, मग तो संगणकातला का असेना, चांगलं नाही.

2025 मध्ये पुस्तकातली कोरी पानं शासनाने बंद केली आणि पाया पुन्हा हलला. या वेळी जड गेलं नाही. गिटमध्ये 'रिरिरि' असा गंमतीदार नावाचा एक भाग आहे. आधी चालू करून ठेवला तर तुम्ही पूर्वी केलेला निवाडा तो लक्षात ठेवतो, आणि तीच तक्रार त्याच शब्दांत पुन्हा आली तर जुना निवाडा पुढे करतो. आपण तो फक्त वाचून घ्यायचा. 'तालीम'पाशी आम्हाला पुन्हा थांबावं लागलं नाही.

कोरी पानं मुलांनी नोंदी कराव्यात म्हणून दिली होती, ती दोन वर्षांत गेली. छापील पुस्तकातली नोंदींची जागा कधी येईल आणि कधी जाईल, हे आपल्या हातात नाही. शिक्षकाने आपली नोंद पुस्तकात विरघळू न देता वेगळी, लहान आणि नावानिशी ठेवली, तर ती कुठल्याही पुस्तकावर पुन्हा बसवता येते. त्यासाठी सगळ्यांनी गिट शिकलंच पाहिजे असं नाही. साध्या वहीत शब्द, पाठाचं नाव, सुधारणा, कारण, कोणी आणि कधी, एवढे रकाने आखले तरी निम्मं काम झालं. पान क्रमांक शेवटच्या रकान्यात, पेन्सिलने.

भिवंडी आणि मालेगावच्या काही शिक्षकांनी आमची यादी मागितली आहे. ती जशीच्या तशी त्यांना चालणार नाही, चालूही नये. तिथली मुलं वेगळी, तिथली उर्दू वेगळी, घसरण्याच्या जागाही वेगळ्या. त्यांनी आमची यादी पाया म्हणून घ्यावी आणि वर आपले पॅच आपल्या नावाने चढवावेत. आम्ही खाली काही सुधारलं तर त्यांनी आपलं काम उचलून त्यावर बसवावं. त्यांच्यातलं काही आम्हाला पटलं तर आम्ही त्यांच्या नावासकट घेऊ. सोबत आवाजाच्या पावत्या पाठवतो आहोत. पार्सल हवं तेव्हा मागा.